चौकट काढा

झाशीत छापील मराठी मोकळी भेटत नाही, चौकटीत भेटते. लग्नपत्रिकेत ती वेलबुट्टीच्या आत असते, मानपत्रात सोनेरी दुहेरी रेघेच्या आत, श्रद्धांजलीत काळ्या जाड पट्टीच्या आत. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तर वर्ड उघडल्यावर जी किनार पहिल्यांदा हाताला लागेल तिच्या आत. ‘पेज बॉर्डर’मधल्या ‘आर्ट’च्या यादीत सगळ्यात वर लाल सफरचंदं आहेत. त्यामुळे अथर्वशीर्षाच्या अर्थावरचा एक लेख मी चहूबाजूंनी सफरचंदांच्या रांगेत वाचला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. या चौकटी गेल्या पाहिजेत. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही. जिथे वर्षाकाठी चाळीस पानं मराठी छापली जाते, तिथे चौकट जागा खाते, मजकूर कापते, आणि मराठी ही वाचायची नव्हे तर बघायची गोष्ट आहे असं पुढच्या पिढीला शिकवते.

आधी इथली परिस्थिती सांगतो. झाशीत मराठी घरं फार नाहीत. काही घरं नेवाळकरांच्या काळापासूनची म्हणून ओळखली जातात, काही रेल्वेच्या नोकरीनं आलेली आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, बाजारात बुंदेली. मुलं मराठी बोलतात, पण शाळेत शिकतात हिंदी आणि इंग्रजी. देवनागरी येत असूनही मराठी वाचायला ती बिचकतात. ‘ळ’ दिसला की अडखळतात. हिंदी पुस्तकांत राणीच्या सासरचं आडनाव ‘नेवालकर’ असं छापलेलं असतं आणि आमच्याही घरांतली मुलं आता तसंच लिहितात. अशा गावात स्मरणिका हे मराठीचं वर्षातलं एकमेव छापील काम. तिची मुद्रितं तपासायला माझ्याकडे येतात, म्हणून हे बोलणं.

जागेचा हिशोब कुणीही पट्टी घेऊन करू शकेल. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. चारी बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर समास सोडला तर मजकुराला १७ बाय २५.७ म्हणजे सुमारे ४३७ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. आता फुलांची किनार घाला. वर्ड ती कागदाच्या कडेपासून २४ पॉइंट आत ठेवतो, आणि तिची जाडी ३१ पॉइंटांपर्यंत जाते. दोन्ही मिळून जवळजवळ दोन सेंटिमीटर झाले. अक्षरं फुलांना चिकटू नयेत म्हणून आणखी एक सेंटिमीटर सोडा. मजकुराला उरले १५ बाय २३.७, म्हणजे ३५५ च्या आसपास. पानामागे अठरा टक्क्यांहून जास्त जागा गेली. चाळीस पानांच्या अंकात ही सात पानांहून अधिक होते. दर वर्षी ‘जागा नाही’ म्हणून दोन-तीन लेख परत जातात, ते या सात पानांत सहज मावले असते.

जागेहून मोठा प्रश्न यंत्राच्या स्वभावाचा आहे. वर्डमध्ये चौकट घालणं अतिशय सोपं केलेलं आहे, घालवणं तितकं सोपं नाही. तीन संयोगचिन्हं टाइप करून एंटर दाबा, पानभर आडवी रेघ उमटते. तीन अधोरेषांनी जाड रेघ येते, बरोबरच्या तीन खुणांनी दुहेरी, तीन ताऱ्यांनी ठिपक्यांची. मागितलेली नसताना ही रेघ येते, आणि पुसायला जावं तर निवडताच येत नाही. कारण ती स्वतंत्र ओळ नसते, वरच्या परिच्छेदाची खालची कड असते. तत्क्षणी कंट्रोल-झेड दाबलं तर जाते. उशिरा लक्षात आलं तर कर्सर वरच्या परिच्छेदात नेऊन ‘नो बॉर्डर’ निवडावं लागतं. हे ठाऊक नसलेला माणूस रेघेला शरण जातो आणि तिच्याभोवती लेख रचायला लागतो. मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक रेघा कुणीही ठरवून ओढलेल्या नाहीत. त्या आल्या, गेल्या नाहीत, आणि मग ‘डिझाइन’ म्हणून मान्य झाल्या.

त्यात ही यंत्रं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलेली. परिच्छेदाभोवती चौकट घातली की ती अक्षरांपासून वर-खाली फक्त एक पॉइंट अंतर ठेवते. देवनागरीचा निम्मा कारभार अक्षराच्या वर आणि खाली चालतो. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर, तर उकार आणि पाय मोडल्याची खूण खाली. चौकटीत मजकूर मावेना की डीटीपी करणारा ओळींमधलं अंतर आवळतो, आणि पहिला बळी जातो तो वरच्या खुणांचा. ‘मी’चा ‘मा’ होतो, ‘ते’चा ‘त’ होतो. अधोरेखनाचंही तेच. आपल्या लिपीला डोक्यावर एक रेघ जन्मापासून आहे. पायाखाली दुसरी ओढली की ती उकारांना छेदून जाते. ‘ळ’पाशी आधीच अडखळणाऱ्या मुलासमोर हा छाटलेला, खोडलेला मजकूर ठेवायचा आणि ‘मुलं मराठी वाचत नाहीत हो’ म्हणून हळहळायचं, याला काय म्हणावं?

पण खरा घात ‘टेक्स्ट बॉक्स’ करतो. टेक्स्ट बॉक्स म्हणजे पानावर ठेवलेली एक पेटी. तिचा आकार पक्का केलेला असेल आणि मजकूर जास्त झाला, तर जास्तीच्या ओळी दिसेनाशा होतात. त्या फाइलमध्ये असतात, पानावर नसतात. ‘पुढे चालू’ नाही, तीन टिंबं नाहीत, धोक्याची सूचना नाही. शिवाय अंध वाचकांसाठी मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअरं अशा तरंगत्या पेट्या पुष्कळदा भलत्या क्रमानं वाचतात किंवा वगळूनच पुढे जातात. डोळसाला चौकट लक्ष वेधून घेणारी वाटते, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तोच मजकूर नाहीसा होतो.

आमच्यातल्या ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आहेत, सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांनी स्मरणिकेसाठी हातानं लेख लिहून दिला होता. लहानपणी घरी दक्षिणेतून मराठी पत्रं यायची, जेवणं झाल्यावर ती मोठ्यानं वाचली जायची, त्याची आठवण होती. मग पत्रांत हिंदी शब्द कसे शिरले, पुढे पत्रंच हिंदीत कशी यायला लागली, हे त्यांनी एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन लिहिलं होतं. शेवटच्या अकरा ओळींत घरातल्या शेवटच्या मराठी पत्राची हकिकत होती. मांडणीत हा लेख गुलाबी किनारीच्या पेटीत बसवला गेला आणि त्या अकरा ओळी पेटीच्या तळाशी गडप झाल्या. मुद्रितात मी ते दाखवलं. किनार काढा, मजकूर पुढच्या पानावर जाऊ द्या, एवढंच सुचवलं. उत्तर आलं, ‘पान बिघडतं.’ बरीच चर्चा झाली. चौकट राहिली, ओळी गेल्या. काकूंनी अंक उघडला, आपलं पान नीट वाचलं आणि विचारलं, “पुढचं पान कुठंय रे?”

ही एका स्मरणिकेची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण ‘पान बिघडतं’ हे उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की ती आपली भूमिकाच झाली आहे असं वाटतं. पान आधी, मजकूर मागाहून.

चौकटीच्या बाजूनं दोन मुद्दे नेहमी मांडले जातात. पहिला परंपरेचा. आपल्या पोथ्यांना किनार असायचीच, दारापुढे रांगोळी असते, देवाला महिरप असते, तशी मजकुराला चौकट. हा मुद्दा पोथी हातात न धरता केलेला आहे. हस्तलिखित पोथीत मजकुराच्या डाव्या-उजव्या अंगाला तांबड्या शाईच्या उभ्या रेघा आढळतात. त्या समासाच्या रेघा. पोथी सुट्या पानांची असते. पान उचलताना बोटं अक्षरांवर पडू नयेत म्हणून समास सोडायचा. लिहिताना चुकलं तर त्यावर हरताळ फासायचा, आणि राहून गेलेलं अक्षर समासात लिहायचं. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आज वेगळ्याच रागानं वापरतो, पण त्याचं मूळ या दुरुस्तीच्या कामात आहे. म्हणजे ती रेघ मजकुराला बंद करत नव्हती, वाचणाऱ्या आणि सुधारणाऱ्या हातासाठी जागा राखत होती.

फारसी हस्तलिखितांत मजकुराभोवती सोनेरी आणि रंगीत रेघांची जदवल असे, आणि ती आखणारे कारागीर वेगळे असत. तिथेही जदवलीबाहेरचा हाशिया मोकळा असे आणि त्यात टिपा, भाष्य, कधी तिरक्या ओळींत आणखी एक मजकूर लिहिला जाई. मोडीत तर रेघ आधी आणि अक्षर नंतर. कारकून बोरूनं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. रेघेविना मोडी उभीच राहत नाही. खिळ्यांच्या छापखान्यात रेघ म्हणजे पितळी पट्टी होती. तीही खिळ्यांसारखीच हातानं बसवावी लागे. तिची एक कड बारीक, उलटी बाजू जाड. इंग्लंडातली वर्तमानपत्रं राजघराण्यातल्या मृत्यूच्या बातमीला स्तंभांमधल्या पट्ट्या उलट्या बसवत, आणि पान काळ्या जाड रेघांचं निघे. वाचकाला मजकूर वाचण्यापूर्वीच कळे की काहीतरी विपरीत घडलं आहे. ती रेघ रोज दिसत नसे, म्हणून तिचा अर्थ लागत असे. आमच्या श्रद्धांजलीची काळी पट्टी त्याच कुळातली आहे. पण शेजारच्या पानावर मिठाईच्या दुकानाच्या शुभेच्छाही तेवढ्याच जाड काळ्या पट्टीत असतील, तर त्या पट्टीनं शोक कसा सांगायचा?

परंपरेचंच बोलायचं तर झाशीतलं बोलू. १८५७ साली कोकणातल्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे फिरत फिरत या शहरात आले आणि १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजनं घातलेल्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी लढाई, लूट आणि कत्तल यांबरोबर राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची वाताहतही सांगितली आहे. पोथ्या नकलून नेण्यासाठी काशीचे पंडित झाशीला येत, असा त्या संग्रहाचा लौकिक होता. म्हणजे या गावात पुस्तक हे उतरवून घेण्यासाठी, दुसऱ्याच्या हाती जाण्यासाठी होतं. आमचा वारसा सांगायचा तर तो हा आहे.

गोडशांच्या स्वतःच्या मजकुराचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापला तो फेरफार करून, भाषा घासूनपुसून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. जवळजवळ साठ वर्षं वाचकांच्या हाती होतं ते नीटनेटकं केलेलं पान. वैद्य नसते तर पुस्तकच झालं नसतं, हे मान्य. तरी मूळ लिहिणाऱ्याचा ओबडधोबड शब्द वाचकापर्यंत पोहोचायला लागलेला काळ मान्य करून संपत नाही. काकूंच्या अकरा ओळी मात्र हस्तलिखितावरून पुन्हा सिद्ध करायला कुणी पोतदार येणार नाहीत.

आमच्या स्मरणिकेत गोडसे नसतात. राणीच्या तोंडचं म्हणून सांगितलं जाणारं ते एक सुप्रसिद्ध वाक्य मात्र दर वर्षी असतं, तलवारींच्या किनारीत, मधोमध. ते वाक्य गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते छापण्यात कुणाला काही कळवायचं नसतं. चौकट हेच काम सगळ्यात चांगलं करते. सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट ती पुन्हा एकदा महत्त्वाची करून दाखवते. ठाऊक नसलेली गोष्ट सांगायला सलग मजकूर लागतो, आणि तो पुढच्या पानावर जाऊ द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा उपयोगाचा. वर्तमानपत्रं चौकटी छापतातच की. छापतात, आणि ती चौकट मला मान्य आहे. मुख्य बातमीहून वेगळी माहिती, कार्यक्रमाचं वेळापत्रक, संपर्काचे क्रमांक, मागच्या अंकातल्या चुकीची दुरुस्ती, हे चौकटीत हवंच. तिथे चौकट वाचकाला सांगते, ‘हे वेगळं आहे, इथून वेगळं वाच.’ कसोटी साधी आहे. चौकट पुसून बघा. पुसल्यावर वाचकाची फसगत होत असेल तर ती परत घाला. काही बिघडत नसेल तर ती तिथे कशासाठी होती?

आता शब्दाविषयी, कारण भाषेनंही इथे गंमत केली आहे. ‘चौकट काढा’ या दोन शब्दांचे मराठीत दोन उलटे अर्थ होतात. चित्र काढा म्हणजे रेखाटा, डाग काढा म्हणजे घालवा. आमच्या मंडळातल्या एका तरुण सदस्यानं एकदा मुद्रितावर तांबड्या शाईनं ठळक लिहिलं, ‘चौकट काढा’. मांडणी करणारा मुलगा हिंदीभाषक. हिंदीत ‘काढ़ना’ म्हणजे कशिदा भरणं. दुसरं मुद्रित आलं तेव्हा साध्या रेघेच्या जागी टाके घातल्यासारखी दिसणारी किनार आली होती, आणि ती त्यानं मन लावून बसवली होती. त्याचं काहीच चुकलं नाही. त्याला त्याच्या भाषेत नेमकं तेच कळलं. एका शब्दाचे तीन अर्थ एकाच पानावर आले, कारण त्या पानाला समास होता आणि समासात कुणीतरी लिहू शकलं. छापून आलेल्या अंकात अशी जागा कुठेच नव्हती. सगळी कड सफरचंदांनी भरलेली होती.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. एक, पानाभोवतीची किनार बंद. दोन सेंटिमीटर समास मोकळा. दोन, लेख टेक्स्ट बॉक्समध्ये बसवायचा नाही. तो सलग वाहू द्यायचा आणि पान संपलं तर पुढच्या पानावर जाऊ द्यायचा. तीन, ओळींमधलं अंतर मात्रा आणि उकारांना पुरेल एवढं ठेवायचं. चार, जागा कमी पडली तर आधी शोभा कापायची, मग जाहिरातीची उंची, आणि मजकूर कापायचाच असेल तर लिहिणाऱ्याला विचारून. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. छपाईचा खर्च कमीच होईल, कारण आमच्या गावातल्या पुष्कळ प्रिंटरांवर कडेपर्यंत छापता येत नाही आणि तळाची किनार अर्धीच उमटते. ती पुरी उमटावी म्हणून मग पानंच्या पानं पुन्हा छापली जातात.

मंडळात हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “अहो, चौकट नसेल तर हिंदीच्या गर्दीत मराठी वेगळी कशी दिसणार?” या वाक्यातली भीती खरी आहे, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. झाशीच्या जुन्या शहराला तट होता, आणि त्या तटाला खंडेराव, दतिया, ओरछा, सागर, लक्ष्मी अशा नावांचे दरवाजे होते. बाहेरच्या गावांकडे जाण्याचे रस्ते त्यांतून निघत. आमच्या स्मरणिकेच्या तटाला एकही दरवाजा ठेवलेला नाही. वर्डमध्ये एक बारकावा आहे. लागोपाठच्या दोन परिच्छेदांना सारखीच किनार दिली आणि त्यांची डावी-उजवी कड एका रेषेत ठेवली, तर दोघांभोवती मिळून एकच चौकट होते. एकाला थोडं आत सरकवलं की चौकटी दोन होतात. आपण मराठीला सतत थोडं आत सरकवून ठेवतो आणि मग ती एकटी पडली म्हणतो. मराठी लेखाशेजारी हिंदी लेख येऊ दे, सारख्या समासात, सारख्या अक्षरात, किनारीशिवाय. ‘ळ’ आला की वाचणाऱ्याला आपोआप कळेल कुठली भाषा आहे ते. आणि शेजारच्या हिंदी वाचकानं तो ‘ळ’ कसा उच्चारायचा हे विचारलं, तर उत्तर द्यायला आम्ही आहोत.

या नियतकालिकात अनेक भाषांचे विभाग आहेत आणि हा मराठीचा. वाचणाऱ्यांतले बरेच जण कुठल्यातरी मंडळाचं, संमेलनाचं, शाळेचं असं एखादं पान दर वर्षी काढत असतील, परक्या गावात, आपल्या भाषेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. यंदाची फाइल छापायला पाठवण्याआधी सगळ्या किनारी एकदा पुसून बघा, प्रत्येक पेटीची खालची कड ओढून खाली न्या, आणि तिच्यामागून काय बाहेर येतं ते वाचा.